श्वासासकट

बोलता बोलता ती चुटकी वाजवायची. वाक्य अर्ध्यावर यायचं, पुढचा शब्द सापडायचा नाही, मग उजव्या हाताची चुटकी आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून. "काकू, काल बाबांनी ते आणलं, ते मोठं, गोल, आतून लाल..." चुटकी. "काकू, काल बाबांनी कलिंगड आणलं." कलिंगड हा शब्द सापडल्याचा तिला इतका आनंद व्हायचा की आपल्यालाही ते फळ नव्यानं आवडायला लागावं. नवख्या माणसाला मात्र ती आगाऊ वाटायची. चौदा वर्षांची पोर मोठ्यांच्या तोंडासमोर चुटक्या वाजवते म्हणजे काय!

ही सवय तिला आमच्या खोलीत लागली. डोंबिवलीत, ठाकुर्लीच्या बाजूला, एका बिनलिफ्टच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही काही निवृत्त मंडळी अंध श्रोत्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो. खोली म्हणजे आमच्यातल्याच एकाच्या घरातली रिकामी बेडरूम. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या आहेत, खिडकीला जाड पडदा आहे, आणि पंखा बंद ठेवावा लागत असल्यामुळे वाचणारा घामाघूम होतो. वाचताना चूक झाली की थांबायचं, चुटकी वाजवायची आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचायचं, असा नियम आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चुटकीची उंच रेघ दिसते. ती बघून नंदूकाका चुकलेला भाग कापून टाकतात.

नंदूकाकांची हयात लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करण्यात गेली. जांभया देणारे सासरे, रुसलेल्या आत्या, पंगतीत भांडणारे मेहुणे, सगळे त्यांनी सफाईनं उडवलेले. त्यांच्या हातून गेलेल्या प्रत्येक लग्नात प्रत्येक माणूस सुखी दिसतो. मी बँकेतून निवृत्त झाले. काउंटरवर बसून लोकांचे उच्चार सुधारायची मला खोड होती आणि लोक चिडायचे. इथं तेच काम मानानं करायला मिळतं, म्हणून मी खूश आहे.

तर अशा आमच्या खोलीत ती एका दुपारी आली, आईच्या बरीच मागून. आई दारात येऊन बोलायलाही लागली होती, ही अजून जिन्यात. "वाचायची हिला भारी हौस," आई म्हणाली. "म्हणजे, होती. आता दोन ओळींवर नजर ठरत नाही. घरात पडून पडून कंटाळते. तुमच्याकडे नुसती बसली तरी चालेल हो." तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "तुम्ही व्हा पुढे, मी येतेय मागून." हे तिचं ठरलेलं वाक्य आहे, हे मला नंतर कळलं. वाढायला घेतलं तरी तेच, कुणी विनोद सांगितला तरी तेच. विनोदावर खरंच ती मागून हसायची, सगळ्यांचं हसून झाल्यावर, एकटीच.

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत हातवारे करत बोलणाऱ्या मुली तुम्हीही पाहिल्या असतील. "सन्माननीय परीक्षक" म्हणताना ज्यांच्या वेण्यासुद्धा ताठ होतात, त्यातली ती होती. मग घरात सगळ्यांना कोविड झाला. वडिलांना ऑक्सिजन लावावा लागला, आईला खोकल्यानं हैराण केलं, हिला नुसता दोन दिवस ताप. सगळे उठले आणि कामाला लागले. ही मात्र उठता उठता मध्येच कुठेतरी राहून गेली.

उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी यायची, छाती धडधडायची. चहाला जळक्या रबराचा वास यायचा. एखाद्या चांगल्या दिवशी जरा मैत्रिणीकडे जाऊन आली, की पुढचे कित्येक दिवस अंथरुणात. तपासण्या झाल्या आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. "नॉर्मल वाचलं की मला रडूच यायचं," तिची आई म्हणाली होती. शेवटी ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की याला लाँग कोविड म्हणतात, मुलांनाही होतो, झेपेल तेवढंच करायचं, ओढून ताणून काही करायचं नाही. आजाराला नाव मिळालं म्हणून त्या दिवशी आईनं शिरा केला होता.

सुरुवातीला ती नुसती यायची आणि कोपऱ्यातल्या गादीवर पडून राहायची. खोलीत अंधुक उजेड, गोधड्यांचे जुने मऊ रंग, माझ्या वाचण्याचा संथ आवाज. ती जागी आहे की झोपलीय ते कळायचं नाही. मधूनच डोळे न उघडता काहीतरी बोलायची. "काकू, आज सगळे आवाज मऊ आहेत." किंवा, "शब्द मला लांबून येताना दिसतात. जवळ आले की वळून दुसऱ्याच गल्लीत जातात." एकदा म्हणाली, "मी विहिरीच्या तळाशी बसलेय असं वाटतं. वर तुम्ही सगळे दिसता, उजेड पण दिसतो. भीती नाही वाटत. फक्त तुमचं बोलणं खाली यायला वेळ लागतो." हे ऐकून मी पुस्तकातली ओळ विसरले आणि मलाच चुटकी वाजवावी लागली.

त्या दुपारी मला आजही स्पष्ट आठवतात, आणि तरी त्या खऱ्या होत्या का अशी शंका येते. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत यायची आणि हळूहळू गादीवर सरकायची. ती पट्टीत हात धरून बोटं हलवायची आणि बघत बसायची. त्या वयाच्या मुलीला इतकं स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते बघून बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं.

मग एक दिवस तिनंच विचारलं, "मी वाचू?" मुलांसाठीची एक जुनी कादंबरी होती, होडी घेऊन खाडीपलीकडे पळून जाणाऱ्या भावंडांची. नंदूकाकांनी माइक खाली गादीपाशी लावला आणि ती उशीवर डोकं ठेवून, आडवी पडून वाचायला लागली. एक वाक्य, मग विसावा, मग श्वास, मग चुटकी, मग तेच वाक्य. कधी दिवसाला एक पान, कधी अर्धं, कधी नुसतं शीर्षक वाचून, "आज टाटा," म्हणून डोळे मिटून घ्यायची. पण आवाज! मी आयुष्यात पुष्कळ वाचणारे ऐकले. गोष्टीतल्या पाण्याला हात लावून बघतेय, असं ती वाचायची.

आता तिच्या वडिलांविषयी सांगायला हवं. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिफ्ट करणारा, अंगानं काटक, बोलायला मोजका माणूस. सुट्टी असली की तोच तिला स्कूटरवरून आणायचा. जिन्यात त्याची पावलं दोन-दोन पायऱ्या वर यायची आणि त्याचा आवाज मागे खाली जायचा, "चल, चल, चल. जोर लाव." दुष्टपणा नव्हता त्यात. तो स्वतः ऑक्सिजनवर पडला होता. "शेजारच्या खाटेवरचा गेला, मॅडम, माझ्या डोळ्यांदेखत," तो मला म्हणाला होता. "मी मनाशी म्हटलं, उठायचं. आणि उठलो. हिला दोन दिवस तर ताप. ही मनच घट्ट करत नाही." त्याला जिवंत ठेवलं होतं त्या घट्ट मनानंच, अशी त्याची पक्की समजूत होती. लेकीला द्यायला त्याच्यापाशी तेवढीच वस्तू होती, आणि तीच ती घेत नव्हती.

पहिलं प्रकरण पुरं झालं. नंदूकाकांनी त्यावर आपली सगळी कला लावली. प्रत्येक विसावा कापला, प्रत्येक धाप कापली, श्वाससुद्धा पुसून काढले. आठवडेच्या आठवडे चाललेलं वाचन त्यांनी असं जोडलं की कुणीतरी सकाळी आंघोळ करून, ताजंतवानं होऊन एका बैठकीत वाचलंय असं वाटावं. "बघा," ते मला म्हणाले, "शिवण दिसतेय का कुठे?" शिवण दिसत नव्हती.

प्रकरण श्रोत्यांकडे गेलं आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या खोपटहून फोन आला. तिथं आमचे एक श्रोते राहतात. जन्मापासून अंध, एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. कोणत्या वाचकाला सर्दी झालीय, कुणी कवळी बदललीय, हे ते फोन करून कळवतात. "बाई, मुलगी छान वाचते," ते म्हणाले. "पण ती श्वास कुठे घेते हो? मी घाबरलो ना. शेवटी शेवटी मलाच धाप लागली." मी हे नंदूकाकांना सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पण तेच प्रकरण तिच्या वडिलांच्या मोबाइलवरही गेलं होतं. मुलीचा तो खणखणीत, न अडखळणारा आवाज ऐकून त्याला काय झालं असेल, तुम्हीच कल्पना करा. त्याला त्याची जुनी मुलगी परत मिळाली. त्यानं ते काकांना ऐकवलं, मामांना ऐकवलं, कारखान्यात डबा खाताना ऐकवलं. शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला ऐकवलं. त्या बाईंनाही आनंद झाला. इतकं सलग वाचते तर वर्गात बसायला काय हरकत आहे, असं त्या म्हणाल्या, आणि त्यात त्यांची काय चूक होती? ज्यानं कुणी ते ऐकलं असतं तो हेच म्हणाला असता. सोमवारपासून पूर्ण वेळ शाळा, असं ठरलं. ती आईला म्हणाली, "मी सांगतेय ना, नाही जमणार." वडील म्हणाले, "हे कोण वाचतंय मग? भूत?" आणि मोबाइल तिच्यासमोर धरला.

आठवडाभर ती गेली. दप्तर, जिने, प्रार्थनेला उभं राहणं, सगळं. शनिवारी शाळेच्या पायऱ्यांवर बसली ती उठलीच नाही. रिक्षात घालून घरी आणावी लागली.

मी भेटायला गेले तेव्हा भर दुपारी खोलीत काळोख केला होता. उजेड सहन होत नव्हता. ताटलीचा आवाज झाला तरी तिचा चेहरा आक्रसायचा, म्हणून घरातली सगळी माणसं मांजरासारखी चालत होती. मी उशापाशी बसले. बऱ्याच वेळानं ती पुटपुटली, "काकू, ती मुलगी छान वाचते."

"कोण गं?"

"रेकॉर्डिंगमधली." मग पुष्कळ वेळ काही नाही. "सगळ्यांना तीच पाहिजे. मला तिचा राग येतो."

मी तिचा हात हातात घेऊन बसले. हात गार होता आणि मला तो सोडवत नव्हता.

परत येऊन नंदूकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांची एक सवय मात्र चांगली. लग्नाच्या धंद्यापासूनच ते मूळ रेकॉर्डिंग कधी पुसत नाहीत, कुठली वरमाय कधी येऊन काय मागेल सांगता येत नाही म्हणून. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते कॉम्प्युटरसमोर बसून होते.

काही दिवसांनी तिचे वडील आले. पुस्तकाची आमची प्रत तिच्याकडे होती, ती परत करायला. "ती आता नाही यायची," एवढंच म्हणून ते वळले. नंदूकाका एरवी मऊ माणूस. त्या दिवशी त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "बसा. पाच मिनिटं ऐकून जा." हेडफोन वडिलांच्या कानावर ठेवला, आणि मलाही दुसरा दिला.

न कापलेलं एक पान होतं ते. खाडीवर धुकं उतरतं तेवढंच पान. तिचा आवाज आला, एक वाक्य आलं. मग शांतता. गादीची सळसळ. श्वास, जिना चढून आल्यासारखा, आणि ती तर आडवी होती. चुटकी. तेच वाक्य. त्यातला "वल्हं" हा शब्द हरवला. "थांबा हं काका, आहे तो, येतोय." लांब कुठेतरी भंगारवाल्याची हाक. पाण्याचा घोट. चुटकी. पुन्हा पहिल्यापासून. मग इतकी लांब शांतता की वडिलांनी वर बघितलं. "बंद पडलं?"

"चालू आहे," नंदूकाका म्हणाले.

शांततेत तिचं बारीक हसू ऐकू आलं. "झोपले होते वाटतं मी. सॉरी हं. धुक्यापर्यंत आलेलो ना आपण?" आणि ती पुन्हा वाचायला लागली, अगदी तितक्याच प्रेमानं. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली. तो माणूस हलला नाही. उन्हाची पट्टी गादीवरून उतरून भिंतीवर चढली, गोधड्यांमधल्या लाल चौकटीवरून पिवळ्यावर गेली. बाहेर शाळा सुटल्याचा गलका झाला. मी एक कान मोकळा ठेवला होता म्हणून मला कळलं, त्याला तो ऐकू गेला नसावा. कुठल्याशा शब्दापाशी ती अडली तेव्हा मी बघितलं, त्याचे ओठ तो शब्द तिला सांगत होते.

पान संपलं. त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी धरून बसला. "हे असं रोज व्हायचं?"

नंदूकाका म्हणाले, "हे चांगल्या दिवसाचं आहे."

तो उठला, चपला घालताना पट्टा सापडेना, तसाच पायात सरकवून खाली उतरला. पुस्तक त्यानं परत नेलं.

त्यानंतर शाळेचा विषय त्या घरात निघाला नाही. दहावी सवडीनं बाहेरून देईल, असं ठरलं. उन्हाळा सरल्यावर ती पुन्हा अधूनमधून यायला लागली, पूर्वीपेक्षाही कमी बोलणारी, पण हसरी. पुढची प्रकरणं आम्ही न कापता पाठवली, विसाव्यासकट, श्वासासकट. खोपटहून फोन आला. "आता ठीक आहे," ते म्हणाले. "दुपारी जेवून लावतो, ती थांबली की मी पण थांबतो. एक डुलकी होते दोघांची." शेवटची दोन प्रकरणं राहिली आहेत. मी वाचून टाकते म्हटलं, तर त्यांनी चक्क नको सांगितलं. माझे उच्चार त्यांना फार स्वच्छ वाटतात म्हणे.

आता ती इथं नसते. खडवलीला तिच्या मामाचं बैठं घर आहे, जवळ नदी आहे, जिने नाहीत. वडील तिथून शिफ्टला येजा करतात, पहाटे निघतात. बरी झाली का, असं लोक विचारतात. थोडी झाली. चहाचा वास चहासारखा यायला लागला, असं तिनं फोनवर सांगितलं. सगळी कधी होईल ते डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही, आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं म्हणून मला त्या आवडल्या.

शेवटची आली होती त्या दिवसाचं तेवढं सांगते. वाचून झाल्यावर वडील तिला न्यायला आले. दोघं निघाली आणि मी सवयीनं दारात उभी राहिले. पाच-सहा पायऱ्या उतरून तो थांबला आणि वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागला, बराच वेळ. ती कठड्याला टेकून उभी राहिली. मग निघाले. मधल्या मजल्यावर त्यानं मोबाइल काढला आणि काहीतरी वाचत उभा राहिला. मी वरून बघत होते. मोबाइलचा पडदा काळा होता.

मी आत येऊन गॅलरीत गेले. खाली गेटपाशी एक माणूस सायकलच्या पंपाला वॉशर बसवत होता. तिच्या वडिलांना त्यात काय एवढं दिसलं कोण जाणे, पण तो हात मागे बांधून बघत राहिला, एखादा सामना बघावा तसा. एकदाही वळून तिच्याकडे बघितलं नाही, चल म्हणाला नाही. ती गेटच्या कट्ट्यावर टेकली होती, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर ऊन. मग तिनं डोळे उघडले, उठली आणि जाऊन त्याच्या शर्टाची बाही ओढली. "बाबा, चला ना," ती म्हणाली. "किती वेळ लावता!"

"आलो, आलो," तो म्हणाला, आणि तिच्यामागून चालायला लागला.